आई, तू सुईचं सांगितलंस तेव्हा

आई, आज चिंचोळी एमआयडीसीत आमच्या रक्तपेढीचं शिबिर होतं. रक्तदात्यांत हिपॅटायटिस सी फारसा सापडत नाही गं. कित्येक शिबिरांत सगळ्या पिशव्या चांगल्या निघतात. स्वतःला धडधाकट समजणारी माणसंच रक्त द्यायला येतात, म्हणूनही असेल. तूही तशीच गावातल्या शिबिराला आली होतीस, उसाच्या फडातून थेट, पदर खोचून, आपल्या गावात रक्त देणारी पहिली बाई. मग सोलापूरहून बोलावणं आलं. मी कॉलेजात होते, तुझ्यासोबत आले. डॉक्टरांनी दार लावून सांगितलं, रक्तात काविळीचा सी विषाणू आहे. तू एवढंच विचारलंस, "माजं रगत कुणाला दिलं न्हाय न्हवं?" पिशवी तपासणीतच बाजूला काढून नष्ट केल्याचं कळलं, तेव्हा कुठे तू खुर्चीला पाठ टेकलीस.

हे आलं कुठून, असं डॉक्टर विचारतात आणि तुला मोटारसायकलवरून येणारा तो कंपाउंडर आठवतो. उजनीकाठच्या आपल्या गावात गोळीनं कुणाचं समाधान होत नसे, सुई टोचली तरच औषध घेतल्यासारखं वाटे. ऊस तोडून अंग मोडलं की बायका ओळीनं ओसरीवर बसायच्या, आणि तो एकाच सुईनं सगळ्यांना ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. वर तू त्याला चहा पाजायचीस.

बाबा म्हणाले, गावात ब्र काढू नकोस. लग्नघरी पोळ्या लाटायला पहिलं बोलावणं तुला असायचं, ते जाईल म्हणाले. तू ऐकतेस कुठली! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरल्या घरात उभी राहिलीस. "सुई एकच हुती, बायांनो. मला झालंय, तर तुमाला बी झालं असंल. तपासून घ्या." हा आजार जेवणातून लागत नाही हेही सांगितलंस, तरी बोलावणी थांबलीच. तुला ते फार लागलं. तरीही त्याच बायकांना तू एसटीनं सोलापूरला तपासायला आणलंस, आणि शेजारच्या काकूंचा आजार वेळेत सापडला. त्यावरच्या गोळ्या मिळू लागल्या तेव्हा तू नव्हतीस. काकू बऱ्या झाल्या, अजून केळीच्या बागेत राबतात. भेटल्या की म्हणतात, "तुज्या आईमुळं हाय मी." तुझी लेक म्हणून माझी मान ताठ होते.

हे पत्र टाकायचं कुठे? एक मात्र कबूल करते. एखाद्या दात्याच्या रक्तात सी निघाला की मी त्याला धीर देते, गोळ्या समजावून सांगते. हा बरा होईल, म्हणून आनंद होतो, आणि त्याच्या लेकरांचा हेवा वाटतो.