पालिकैचे धान्य

३१ ऑगस्ट

माझ्या लेकीच्या, अभिरामीच्या लग्नाला आठवडा उरला, आणि धान्याला बुरशी!

साळ, मूग, उडीद, तीळ, मोहरी — पाचही परवा एकाच डब्यात भिजवली, झाकण घट्ट लावले. आज उघडतो तो कापसासारखे तंतू आणि आंबूस वास. सहा तारखेला पाच सुवासिनी हेच धान्य पालिकैच्या, म्हणजे लग्नाआधीच्या अंकुरविधीच्या कुंड्यांत पेरणार. मोड आलेले हवे, वधूच्या घरचेच हवे. माझी बायको कनकम असती तर हे माझ्याकडे आलेच नसते. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

धर्माक्का दारातूनच म्हणाली, "वैथी, मोड आणायचेत, लोणचं नाही घालायचं!" पण आत आली नाही. या धान्याला विधवेचा हात चालत नाही. विधवा झाल्यापासून, चौदा वर्षे, माझी ही बहीण असे नियम माझ्यापेक्षा काटेकोर पाळते.

१ सप्टेंबर

अक्काने समजावले — मुगाला दीड दिवस पुरतो, साळीला तीन लागतात. एकत्र ठेवले की साळीची वाट पाहता पाहता मूग कुजतात. "बी.कॉम.ला शिकवलं नाही वाटतं?"

सगळे फेकले. डबा उकळत्या पाण्याने धुतला. साळ पुन्हा भिजवली, उकळून गार केलेल्या हळदीच्या पाण्यात. फडके इस्त्रीने वाळवले — कुंभकोणमला या पावसात ऊन कुठे आहे!

२ सप्टेंबर

त्रिचीहून विहीणबाईंचा फोन. "मोड चांगले लांब येऊ द्या हं. आमच्या धाकट्या जावेच्या वेळी धड आले नव्हते. अजून ऐकवतात तिला."

म्हणजे अभिरामीलाही जन्मभर.

३ सप्टेंबर

पाच वेळा पाहिले. काही नाही.

४ सप्टेंबर

साळीवर राखाडी ठिपके! वेचून, तीनदा धुऊन निम्मी उरली; तीही मऊ. नव्याने भिजवायला आता वेळ नाही.

न राहवून अक्काला म्हणालो, "तू एकदा हातात घेऊन बघ." तिने हात पदराखाली ओढले. "वेडा आहेस? पोरीच्या संसारावर माझी सावली पाडतोस?"

५ सप्टेंबर

फडके सोडले. टपोरी साळ, शुभ्र मोड. शेजारी बाकीची चार, वेगवेगळ्या पुरचुंड्यांत. मी अशी बांधलीच नव्हती! घरात आम्ही दोघेच. अभिरामी चेन्नईहून संध्याकाळी पोचेल.

"रात्रीत सुधारलं असेल," अक्का म्हणाली. माझ्याकडे पाहिले नाही.

साळीला तीन दिवस लागतात. म्हणजे काल पदराखाली हात लपवले, तेव्हा —

पुरचुंड्या ओल्या फडक्याने झाकल्या.

६ सप्टेंबर

पालिकै झाले. विहीणबाई कुंडीवर वाकल्या. "किती एकसारखे! कुणी आणले हो मोड?" मांडव भरलेला. खांबामागून अक्का मला मानेने नको, नको म्हणत होती.

"माझ्या बहिणीने," मी म्हणालो.

दुपारचे दोन वाजले. विहीणबाई अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. अभिरामीने अक्काला पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवले आहे.