आरोपी न्यायाधीशाचा आवाज

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? पुढचा मजकूर वाचून तो दुखायला लागेल, म्हणून आधीच विचारून ठेवते.

आमच्या स्टुडिओत सध्या एका जुन्या कृष्णधवल सिनेमाचं डबिंग चाललंय. युद्ध संपल्यावर न्यायाधीशांवरच खटला भरतात, त्याची गोष्ट. माणसं मारणारे कायदे यांनी मुकाट्याने चालवले, हा आरोप. त्यांतला सगळ्यात म्हातारा सबंध सिनेमाभर गप्प असतो आणि शेवटी उभा राहून कबूल करतो, की आपल्याला सगळं कळत होतं. त्याच्यासाठी आणलेला नट साबण विकल्यासारखा बोलतो. मला तुझा आवाज हवाय. लहानपणी तू नुसता खाकरलास तरी मी ताटातली भाजी संपवायचे.

तू का नाही म्हणशील ते ठाऊक आहे, म्हणूनच विचारते. आणखी एक गोष्ट लपवत नाही. आमच्या तळमजल्यावर घड्याळजींचं दुकान आहे. युद्धात सरकारविरोधी पत्रकं वाटली म्हणून तू न्यायाधीशाच्या खुर्चीतून एका पोराला खाणीवर सक्तमजुरीला पाठवलं होतंस, तो यांचा धाकटा भाऊ. तो परत आला नाही. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना माहीत आहे.

लोभ आहेच, या पत्रानंतरही असू दे.

तुझी,
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

गुडघा बरा आहे, म्हणजे ती सबब तू आधीच काढून घेतलीस.

तो सिनेमा मी तुझ्या वहिनीबरोबर पाहिलाय. परत येताना ती सबंध रस्ता माझ्यापुढे चार पावलं चालली. त्यात चुकाही आहेत. कुठलंच न्यायालय आरोपीला इतका वेळ बोलू देणार नाही.

कायदा मी केला नव्हता. मी नसतो तर त्या खुर्चीत दुसरा बसला असता, कदाचित माझ्याहून कडक. हे इतक्यांदा म्हणून झालंय की आता मलाच त्याचा कंटाळा येतो. ते पोर मला आठवत नाही. निकाल आठवतो, चेहरा नाही.

संवादांचा कागद पाठव. वाचायला काय जातंय?

आशीर्वाद आहेतच, भांडायचं राहिलं असेल तर तेही कळव.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा स्टुडिओतून तू न जेवताच गेलास. डबा मीच संपवला, रागाने.

तुझा आवाज बावनकशी, पण एकही टेक जुळला नाही. डबिंगमध्ये पडद्यावरच्या माणसाच्या ओठांकडे बघत बोलावं लागतं. ध्वनिमुद्रकाने सांगितलं, मी सांगितलं, तू हो हो म्हणालास आणि पुन्हा मान खाली, कागदात. शेवटी चिडून म्हणालास, की शिक्षा वाचताना वर बघायचं नाही हे तुला वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चेहरा दिसला की माणूस डळमळतो. अरे, पण ही शिक्षा नव्हती, कबुली होती.

घड्याळजी आमचं भिंतीवरचं घड्याळ लावायला वर आले होते. काचेपलीकडून त्यांनी सगळं पाहिलं. जाताना म्हणाले, भावाला शिक्षा झाली तेव्हा ते मागच्या बाकावर होते, आणि तेव्हाही साहेबांची मान अशीच खाली होती. हे सांगताना घड्याळजींनी आवाजही चढवला नाही. मला मात्र रडू आलं, आणि तुझी लाज वाटली.

कागद मी ठेवून घेतलाय. पाठ असेल तेवढ्यावर ये. नाहीतर साबणवाला आहेच.

रागावले असले तरी तुझीच,
चिमणी

९ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

पाठ झालं. कागदाची नक्कल मी घरी उतरवून ठेवली होती. तुझी वहिनी त्यावरून रोज म्हणवून घेते, चुकलं की चहा नाही.

गुरुवारी येतो. घड्याळजींनी काचेपलीकडे बसावं अशी माझी विनंती आहे, त्यांना सांग. नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस.

दादा

१८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा टेक निर्मात्यांनी नाकारला. ओठ एका जागीही जुळत नाहीत. जुळतील कसे? तू पडद्याकडे पाहिलंच नाहीस. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत घड्याळजींकडे बघत बोललास. मधेच थांबवणं माझं काम होतं. माझ्याच्याने झालं नाही. आता सिनेमात साबणवाला बोलेल.

ते ध्वनिमुद्रण मी घड्याळजींना देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, साहेबांनी मान वर केली ते पाहिलं, पण बोलणं सिनेमातल्या म्हाताऱ्याचं होतं. साहेबांचं स्वतःचं काही असेल तर दुकान दिवसभर उघडं असतं.

जसं म्हणाले तसं कळवलं. माझी माया कमी झालेली नाही, वहिनीलाही सांग.

तुझी,
चिमणी

२२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

सिनेमात मी नाही, हे बरंच झालं. घड्याळजी म्हणतात ते खरं आहे. दुसऱ्याचे शब्द बोलून मी सुटू बघत होतो.

सोमवारी येतोय. जेवायला माझी वाट पाहू नकोस, आधी तळमजल्यावर जायचंय. तुझ्या वहिनीने विचारलं, काय बोलणार? या वेळी काहीच पाठ केलेलं नाही. मला भीती वाटते आहे.

तुझा,
दादा