शालूचे तीन टाके

मु. परंदवडी,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

चि. दत्तोबास रखमाजीचा आशीर्वाद, वि. वि. इकडं सगळं खुशाल लिहावं, तर तुमच्या बहिणीनं खुशाली ठिवली न्हाई.

काल दुपारी शालू ओट्यावरनं पडली. चार वर्साची पोर, पडायचीच. डोक्याला खोक पडली, तिच्या सासूनं, आमच्या कस्तुराबाईनं, हळद दाबली, रगत थांबलं. तेवढ्यावर भागलं असतं. पर आंबीचे पाव्हणे पानावर बसल्यात आन् तुमच्या सरूनं पोर खांद्यावर टाकून तळेगाव टेसनाची वाट धरली! मी दारात आडवा आलो, तर म्हणती, आबा, वाट सोडा. सासऱ्याला! तिचा नवरा, आमचा महिपती, रानात होता. त्यालाबी इचारलं न्हाई. रखमाजीची सून पळाली, असं गाव म्हणतंय. मीबी चावडीवर तेच सांगतोय.

पोरीला त्या कापाकापीच्या दवाखान्यातनं काढा आन् दोघींना लावून द्या. न्हाईतर सरूनं भावाकडंच ऱ्हावं. पोर आमची, आमी घेऊन जाऊ. महिपतीला मी तिकडं येऊ देणार न्हाई.

सोयरीक टिकवायची का मोडायची, ते तुमी बघा.
रखमाजी


लोणावळा,
ता. ६ फेब्रुवारी १९३६

ती. रखमाजी आबा यांस दत्तोबाचा नमस्कार. रीत आहे म्हणून लिहिला, मनातून आलेला नाही.

सोमवारी सरू रेल्वेच्या शेडच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिचं लुगडं खांद्यापासून कमरेपर्यंत रक्तानं भिजलं होतं. पोरीला गाडीत दोनदा ओकारी झाली होती आणि तिची मान टिकत नव्हती. मी हातातलं काम टाकून, तेलकट कपड्यांनिशी टांग्यात बसलो. डॉक्टरांनी तुमची हळद धुतली तर आत बारीक खडे! ते चिमट्यानं काढून तीन टाके घातले. तोवर पोर माझा अंगठा चावत होती. चावली म्हणून मला बरं वाटलं. त्याआधी ती रडतसुद्धा नव्हती.

जखम लहान आहे. पण ओकाऱ्या झाल्या म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. ओट्यावरून पडली म्हणून सरूनं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की, बाई, तुमचा ओटा पुरुषभर उंच आहे का? तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं. मी विचारलं तर म्हणाली, दादा, ते विचारू नकोस.

म्हणून तुम्हालाच विचारतो. पोरीवर कुणी हात टाकला? खरं कळवा, नाहीतर मी फौजदाराकडे जाईन. पोर आमची म्हणता. मग दोन कोस अनवाणी तिला घेऊन कोण चाललं?

उत्तराची वाट बघणारा, तूर्त एवढंच नातं राखून,
दत्तोबा


लोणावळा,
ता. ७ फेब्रुवारी १९३६

ती. आबांच्या पायांवर सरूचं डोकं. मी चौथीपतूर शिकलेय, म्हून माझं मीच लिवतेय.

शालू बरी हाय. काल दवाखान्यातनं दादाच्या घरी आणली. भाकरी खाल्ली आन् आबा कुटं हाईत म्हून इचारलं. मला रडू न्हाई आलं, राग आला.

दादा फौजदाराचं बोलाय लागला, तवा मला सांगावं लागलं. खोंड लय गरीब हाय हे आंबीच्या पाव्हण्यांना दाखवायला तुमी पोरीला त्याच्या पाठीवर बसवलं. मी चुलीम्होरनं वरडले, आबा, नगा. तुमी हसला. खोंड उधळला. हे सगळ्यांनी पायलं आन् सगळ्यांनी ओटा म्हटलं. तुमची मान खाली जाऊ नये म्हून डाक्टराम्होरं मीबी खोटं बोलले. आबा, खडे काढताना पोर कळवळत व्हती आन् मी तुमची आब्रू झाकत व्हते! त्याची मला लाज वाटती.

आन् तुमी मला पळालेली म्हणता. पोरगी पडली त्याचा राग न्हाई. चूक माणसाकडनं व्हती. पर दारात आडवं उभं ऱ्हायलात, ते मला इसरता येत न्हाई. चावडीवर मला जे म्हटलं, ते चावडीवरच मागं घ्या. तवर मी येत न्हाई, आन् पोर न्याया कुणी आलं तर तीबी देत न्हाई.

सासूबाईंना दंडवत. ह्यांना सांगा, पाय असतील तर या.
सरू


मु. परंदवडी,
ता. ९ फेब्रुवारी १९३६

चि. सरूस आशीर्वाद. हे पत्र मी चावडीत बसून सांगतोय आन् शाळामास्तर लिहून घेत्यात. मोठ्यानं वाचत लिहा म्हटलंय. धा-बारा माणसं ऐकत्यात.

पोर ओट्यावरनं पडली न्हाई. मी तिला खोंडावर बसवली. सून पळाली न्हाई, ती पोर घेऊन दवाखान्यात गेली, आन् मी म्हातारा तिच्या आडवा आलो. ऐकणाऱ्यातला कोंडाजी म्हणाला, आबा, एवढं कशाला लिवताय. त्याला म्या गप केलं. त्या दिशी खोंड उधळला तवाबी तो तिथंच हसत व्हता.

तुझं पत्र महिपतीनं वाचून दावलं आन् त्या वक्तापासनं तो माझ्यासंगं बोललेला न्हाई. परवा सकाळच्या गाडीनं आमी दोघं येतोय. डाक्टरलाबी मीच सांगीन. दत्तोबा लय टाकून बोलला. त्याला म्हणावं, मीबी इसरलो न्हाई. पर टांगा केलास, ते बरं केलंस.

तुझा लोभ मागायला मला तोंड न्हाई. राग ठेव, पायजे तेवढा ठेव. दारात मला थांबवलंस तर थांबीन. फकस्त पोरीच्या मनात माझं भ्या घालू नगंस.
रखमाजी, निशाणी अंगठा न्हाई, सही स्वहस्ते