लालच्या जागी हिरवा

प्रिय अक्का,

दहा अँपियरचा लाल फ्यूज दुकानात पाच रुपयांना मिळतो. मला तो एका रविवारचा धंदा, जाऊन-येऊन सहा तासांचा रस्ता, दोन वर्षांची टोचणी आणि भाचीसमोर खाली घातलेली मान, एवढ्याला पडला. तरी स्वस्तात सुटलो म्हणायचं.

तू जाऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण जे लिहायचं होतं त्याला हिंमत होत नव्हती. परवाच्या रविवारी आळंदला जाऊन तुझी गाडी उघडली. आता न लिहून भागणार नाही.

आधी कबुली देतो. दोन वर्षांमागं तुरीच्या हंगामात तू बीदरला आली होतीस, तेव्हा गाडीच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडत होता. मी तुला सांगितलं, "वायर बदलली अक्का, आता बिनघोर जा." मी वायर बदलली नव्हती. दहाच्या लाल फ्यूजच्या जागी तीसचा हिरवा खोचला होता, बस.

फ्यूजचं काम काय, हे मीच तुला शिकवलेलं. वायरवर भार वाढला की आधी त्यानं जळायचं आणि वायर वाचवायची. दहाच्या जागी तीसचा बसवला की फ्यूज मजेत राहतो आणि वायर तापते. वायर तापली की पुढं काय, ते वाक्य मी दोन वर्षं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

कामून केलं असं? घाई! दुसरं काय! बीदरजवळच्या कोळार वसाहतीतल्या कारखान्यांचे तीन टेम्पो दारात उभे, आणि तू माझ्या डोक्याशी. "मल्लू, दिवस मावळायच्या आत घर गाठायचंय मला. व्हईल का न्हाई ते सांग." मी म्हणालो, "व्हतंय की, बस जरा." पहिला लाल लावला, उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. म्हणजे वायर कुठंतरी सोलून बॉडीला लागत होती. ती शोधायची तर डिकीचं अस्तर काढून बसावं लागतं, तासाचं काम. मी ते मिनिटात उरकलं. मनाशी म्हणालो, सध्यापुरतं असू दे, पुढच्या खेपेला बघू.

आमच्या धंद्यात सध्यापुरतं केलेलं काम सगळ्यात जास्त टिकतं, अक्का.

पुढच्या खेपेला तू आलीस, त्याच्याही पुढच्या खेपेला आलीस. पण तू काय स्टुलावर बसून चहा पिणाऱ्यांतली होतीस? मी फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं की तुझी मान आत. "हे कशाचं? ते कामून निळं हाय?" लाल म्हणजे दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस, हे तुला माझ्या कामगारांपेक्षा पाठ. तुझ्यासमोर तो हिरवा काढू कसा? दरवेळी झाकण परत लावलं आणि म्हणालो, "सगळं ठीक हाय."

आणि रुबाब केवढा माझा! सातवीतून शाळा सुटलेल्या मला तूच बीदरला उस्तादाच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन सोडलंस. आज स्वतःचं दुकान आहे, हाताखाली पाच माणसं आहेत. कान तर असे, की गाडी आत यायच्या आधी बिघाड सांगतो. इंडिकेटर भराभर टिकटिकायला लागला की एक बल्ब गेलाय. हॉर्न घोगरा झाला की त्याच्या जोडात गंज धरलाय. मागच्या वर्षी तुझ्याच अंगणात बसून मी छाती फुगवून म्हणालो होतो, "अक्का, माझ्या गेटातून बंद दिव्याची गाडी बाहेर पडत न्हाई." तू शेंगा फोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "व्हय, दिवा लागलाय तेवढं बघतोस. कशानं लागलाय तेबी बघत जा."

सहज म्हणालीस असं वाटलं मला. सहज!

तू शिकलीस कशी, तेही आठवतं. भावजी गेल्यावर त्यांची तुरीची अडत तू चालवायला घेतलीस, तशी गाडीही. आळंदच्या रस्त्याला पुढचा एक दिवा गेला म्हणून बीदरपर्यंत आलीस आणि तणतणलीस, "येवढ्याशा काचेसाठी तीन तास येऊ व्हय रे? शिकीव मला." मी शिकवलं. आधी दिवे बंद, चावी बाहेर. बल्ब गार होऊ द्यायचा, न्हाईतर बोट भाजतंय. नवा बल्ब काचेला धरायचा नाही, खालच्या पत्र्याला धरायचा, कारण बोटाचं तेल काचेला लागलं की तापल्यावर काच तिथंच तडकते.

"माझ्या बोटाला कसलं आलंय तेल?"

"शेंगाच्या चटणीचं! सकाळी खाल्लीस की न्हाई?"

तू पदरानं बोटं पुसलीस, बल्ब पदरातच धरलास आणि एका दमात बसवलास. वर मला विचारलंस, "ह्याचे पैसे घेतोस लोकांकडनं?"

तू गेलीस ती अडतीच्या दुकानात, बसल्या जागी, दुपारच्या चहाआधी. डॉक्टर हृदय म्हणाले. गाडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! तुझी गाडी कापड घालून अंगणात उभी राहिली आणि मला जरा सुटल्यासारखं झालं. उभ्या गाडीची वायर तापत नाही.

मग गेल्या आठवड्यात अनिताचा फोन. "मामा, आईची गाडी मी काढलीये. कलबुर्गीच्या कॉलेजला रोज तिच्यानंच जाते. यायला अंधार पडतो, पण दिवे झकास लागतात."

दिवे झकास लागतात! तुझी एकुलती एक लेक, रोज संध्याकाळी तासभर, मागचे दिवे लावून त्या वायरवर बसून यायची. मी म्हणालो, "अनिता, रविवारपर्यंत गाडी काढू नको. बसनं जा. मी येतो."

"कामून मामा? काय झालंय?"

"येतो म्हणलं ना."

रस्ताभर वाक्य जुळवत होतो. अनिता, तुझ्या आईला मी खोटं बोललो. अनिता, एक चूक राहिलीये. एकही वाक्य धड होईना. पोचल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही. चावी काढून घेतली, स्टिअरिंगखालचं झाकण खोललं, वाकून टॉर्च मारला.

लाल होता.

चिमट्यानं ओढून काढला. दहा. नवाकोरा. परत बसवला, मागचे दिवे लावले, लागले. उडाला नाही. डिकी उघडून अस्तर सोडवलं. बिजागरीपाशी वायरला जोड दिलेला, वर काळी नळी, तिच्यावर टेप, आणि वायर पुन्हा घासू नये म्हणून बाजूला बांधून घेतलेली. जोड जरा जाड होता, पण पक्का होता. माझा नव्हता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आईनं," अनिता म्हणाली. "मी टॉर्च धरला होता. दीडेक वर्ष झालं असेल. आधी बॅटरीची मायनसची तार सोडली, मग दोन तास वायर शोधत बसली. तुम्हीच तर तिला फोनवर सगळं सांगितलं होतंत ना मामा?"

मी? आणि मग तो फोन आठवला.

तू विचारलं होतंस, "मल्लू, शेजारच्यांच्या जीपमधी मागच्या दिव्यांना कुणीतरी दहाच्या जागी तीसचा फ्यूज घातलाय. काय करायचं रे?" मला माझाच हिरवा आठवला. पण तू शेजारच्यांची जीप म्हणालीस आणि मला वाट मिळाली. खटकलेलं झाकायला मी आवाजच चढवला. "असल्या मिस्त्रीला दुकानात उभा करू नये अक्का! माणसं मारायचा धंदा हाय हा! चपलीनं हाणला पाहिजे त्याला!" मग शहाण्यासारखं सगळं सांगितलं. मायनस आधी सोडायला सांग, डिकीच्या बिजागरीपाशी बघायला सांग, सोललेली जागा कापून नीट जोडायला सांग, आणि जेवढ्याचा आकडा झाकणावर लिहिलाय तेवढ्याचाच फ्यूज घालायला सांग. तार न्हाई, सिगारेटच्या पाकिटातली चांदी न्हाई, काही न्हाई.

तू शांतपणे ऐकून घेतलंस. "बरं. सांगते त्याला," म्हणालीस.

मी अनिताला विचारलं, "शेजारच्यांची जीप हाय का गं अजून?"

"कसली जीप? त्यांच्याकडं स्कूटरसुद्धा नाही मामा."

तिथंच डिकीच्या काठावर बसलो. मान खाली घालून सांगितलं, "अनिता, तो हिरवा मीच घातलेला. आणि वायर बदलली म्हणून तुझ्या आईला खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "वायर जोडताना आई सारखी 'मल्लू हुच्चा, मल्लू हुच्चा' म्हणत होती. मराठीत रागावली की ती कुणाचं नाव घ्यायची नाही. कन्नडात तुमचं नाव घेऊन वेडा म्हणत होती."

"मग मला बोलली कामून न्हाई?"

"मी पण विचारलं. म्हणाली, मला कळलंय हे त्याला कळलं तर दुकान बंद ठेवून रडत येईल इथवर. आणि पुन्हा माझ्यासमोर गाडीचं झाकण उघडायचा न्हाई."

हे काय वागणं झालं अक्का? चार शिव्या तोंडावर घातल्या असत्यास तर मी हे दीड वर्ष तरी निवांत झोपलो असतो! त्यानंतर तू दोनदा दुकानात आलीस. मी झाकण उघडलं, आत लाल बसलेला, आणि मी भीतीनं त्या कोपऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही! तू डोक्याशी उभी राहून माझं न बघणं बघत होतीस. तेव्हा तरी एक शब्द? मी बोलावं म्हणून थांबली होतीस का? मी बोललो नाही. तुझं बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. माझं चूक होतं, तेवढं ठरलंय.

आता शब्द देतो. ज्या गाडीचा फ्यूज दुसऱ्यांदा उडेल, तिची वायर सापडल्याशिवाय तिसरा फ्यूज हातात घेणार नाही. गिऱ्हाइकाला घाई असली तर तोंडावर सांगीन, आज व्हत न्हाई, गाडी ठेवून जा. न केलेलं काम केलं म्हणून कुणालाच सांगणार नाही. सोमवारी पाचही कामगारांना उभं करून हे सांगितलं, आणि चूक कुणाची तेही सांगितलं.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकतो. निघताना गल्लीच्या तोंडाशी मी माझ्या गाडीचा ब्रेक दाबला, तशी अनिता मागून ओरडली, "मामा, थांबा! तुमचा डावा ब्रेक लाइट लागत नाही." तिनं मला चावी काढायला लावली, बल्ब दाबून, फिरवून काढला आणि तू जपून ठेवलेल्या बल्बच्या डब्यातला नवा बसवला. जुन्या बल्बच्या खोबणीत हिरवा गंज चढला होता. म्हणजे तो त्या दिवशी गेलेला नव्हता. कित्येक दिवस मी रोज तसाच माझ्या गेटातून बाहेर पडत होतो.

तुझा,
मल्लू