सहा मिनिटांचा चेनसॉ

४ मार्च, मंगळवार
मेहुण्याकडून चेनसॉ आणला. मागच्या खोलीच्या छपरावर कललेलं ते वाळकं झाड, अंगावरच्या वेलीच्या पसाऱ्यासकट, उद्या दुपारपर्यंत आडवं. रविवारी लेक तीन महिन्यांच्या नातीला घेऊन महिनाभर राहायला येते आहे आणि दोघींची सोय त्याच खोलीत. बायकोने बजावलंय, झाड डोक्यावर असेपर्यंत माझी नात तिथे झोपणार नाही. रविवारपर्यंत नाही जमलं तर लेक सरळ तिच्या मामाकडे उतरेल.
मामा म्हणजे हाच मेहुणा. म्हणजे चेनसॉ देणारा तोच, आणि झाड उभं राहिलं तर नात ज्याच्याकडे जाणार तोही तोच. नोंद करून ठेवतो.
मशीन देताना म्हणाला, भावजी, आधी ते पुस्तक वाचा. मी म्हणालो, अरे, मी इस्त्री, मिक्सर, दोन घड्याळं पुस्तकाशिवाय उघडली आहेत. तो म्हणाला, हो, ताईने सांगितलंय.
कशाला सांगायचं ते!

संध्याकाळी ६
तपासणी केली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक! पेट्रोल उडून जाईल नाहीतर काय होईल? सीलंट भरून पक्कं बुजवलं. लोक वस्तू वापरतात, सांभाळत नाहीत.

५ मार्च, बुधवार
सतराव्या झटक्याला सुरू. काय आवाज! छाती भरून आली. सहा मिनिटांनी मशीनचीही आली आणि ते बंद पडलं.
पेट्रोल संपलं का म्हणून झाकण उघडलं. फस्स झालं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, सुरू केलं. पुन्हा सहा मिनिटं. पुन्हा झाकण, पुन्हा फस्स, पुन्हा सहा.
निष्कर्ष : मशीन दमतं. मेहुण्याने त्याला कधी सलग कामाची सवयच लावली नाही.
ही खिडकीतून म्हणाली, अहो, झाड पडलं का? सांगितलं, सध्या सराव चाललाय. तिने विचारलं, कुणाचा?

६ मार्च, गुरुवार
शिस्तीने कामाला लागलो. प्लग घासला (माझ्याच टूथब्रशने, याची नोंद घरात कुणी घेत नाही). सहा मिनिटं. एअर फिल्टर धुतला, हिच्या हेअर ड्रायरने वाळवला. सहा मिनिटं. ड्रायर आता नुसती गार हवा फेकतो. उन्हाळा तोंडावर आहे, उपयोगच होईल.
मग कार्ब्युरेटरचे स्क्रू. एक थोडा डावीकडे, एक थोडा उजवीकडे. किती, ते लिहून ठेवणार होतो, पण हात तेलाचे होते. आता मशीन हातात नुसतं धरलं की डरकाळ्या फोडतं आणि रेस दिली की मरतं. प्रगती आहे. आवाज वाढला म्हणजे ताकद आत कुठेतरी आहेच.
ही म्हणाली, आवाजाने घाबरून झाड पडणार असेल तर चालू ठेवा.
दुपारी लेकीचा फोन. बाबा, ताण घेऊ नका हं, मामा पाळणा आणतोय. पाळणा! मंगळवारी मशीन देतो, गुरुवारी पाळणा आणतो. सगळं एका सुतात बसतंय. मशीन बिघडवूनच दिलं होतं.

७ मार्च, शुक्रवार
साखळी काढून धार लावली. तळहातावर तीन पट्ट्या. साखळी परत चढवली, झाडाला लावली. भुसा एक चिमूट नाही, धूर मात्र भरपूर. खोडावर काळा पट्टा उमटला. लाकूड फार टणक जातीचं दिसतं.
ही चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, अहो, दात मागे तोंड करून बसलेत का? मी म्हणालो, ते माझ्या मघाशीच लक्षात आलंय, दोन्हीकडून तपासून बघतोय. चहा ठेवून गेली. जाताना कपाचा कान वळवून माझ्याकडे केला.
उद्याचा एकच दिवस. काहीही झालं तरी मेकॅनिककडे जायचं नाही.

८ मार्च, शनिवार
मेकॅनिककडे गेलो. मुद्दाम नाही. चालत निघालो होतो, चेनसॉ हातात होता, त्याचं दुकान वाटेत लागलं.
त्याने स्क्रू जागेवर आणले, झाकण उलटं केलं आणि विचारलं, काका, हे भोक कुणी बुजवलं? मग समजावलं : पेट्रोल बाहेर जातं तशी टाकीत हवा आत यायला लागते, त्यासाठीच ते भोक. हवा नाही, तर पेट्रोल पुढे सरकत नाही, मशीन घुसमटतं. ज्याने बुजवलं त्याला सहा मिनिटं नाक दाबून बसवा, म्हणाला.
मी म्हणालो, मेहुण्याचं मशीन आहे, तोच असले उद्योग करतो.
तोंडातून निघून गेलं. मेकॅनिक म्हणाला, छे, त्यांचं मशीन माझ्याकडेच असतं, मागच्या महिन्यात मीच साफ केलं. आणि माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. मी भिंतीवर टांगलेल्या फॅनबेल्टांचे साइज वाचू लागलो.
मेहुणा म्हणाला, हो हो, मीच बुजवलं असेल, माझं लक्ष कुठे असतं. भावजींना सांगा, उद्या सकाळी मी दोर घेऊन येतो.
टाचणीने सीलंट निघालं. मशीन चाळीस मिनिटं चाललं. मेकॅनिकनेच कंटाळून बंद केलं.
पाळण्याबद्दल जे वर लिहिलंय ते खोडणार होतो. राहू दे. शाईचं पेन आहे, पान खराब होईल.

९ मार्च, रविवार
सकाळी मेहुणा आणि मेकॅनिक दोघे आले. मेकॅनिकने कापलं, मेहुण्याने दोर ओढला. मला लांब उभं राहून दोनदा ‘हां’ म्हणायचं काम. दोन्ही वेळा झाड माझ्याआधी हललं. वीस मिनिटांत आडवं. छपराला ओरखडा नाही.
बाराला लेक आली. नात खोलीत झोपली. मी हिच्याकडे एकदाच पाहिलं, फार नाही.
तीन वाजता ऊन खिडकीतून थेट गादीवर. आजवर ते त्या वेलीने अडवलं होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चारपर्यंत खोलीची भट्टी. नात लालबुंद, रडून रडून आवाज बसला. लेक माझा हात धरून म्हणाली, बाबा, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे, मामाकडे जाते. मी म्हणालो, अगं, जा की. पिशव्या मीच गाडीत ठेवल्या.

संध्याकाळी ७
मेहुण्याच्या घरून. त्याने हिच्याबरोबर मलाही गाडीत बसवलं. म्हणाला, भावजी, तुम्ही तिकडे एकटे काय करणार? आणि लगेच म्हणाला, नको, सांगू नका.
खिडकीला जाड पडदे करायचे ठरलेत. ही म्हणाली, माप मी घेईन.
अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताचं बोट नातीच्या मुठीत आहे आणि ती झोपली आहे. अर्धा तास झाला, पाय बधिर झालाय. बोट सोडवायच्या दोन युक्त्या सुचल्या आहेत.
एकही करून बघत नाही.