निनादचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

सदाशिव पेठेतून स्कूटर काढून रिंकवर मरायला गेले कशाला? निनादबरोबर नऊ वर्षं जोडीनं स्केटिंग केलं. त्यानं उचललेलं असतानाच पडले, खांदा गेला, स्पर्धा सोडल्या. आता त्याची जोडी सईशी.

आज त्यानं तिला उचललं. मीही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काय जातं! मग सई कमरेवर हात ठेवून माझ्यापाशी आली.

"ताई, पडायच्या आधी तुला काही कळलं होतं का गं?"

"छे, काहीच नाही."

धडधडीत खोटं. त्याचा अंगठा माझ्या कमरेवर थरथरला होता. आत्ता लिहितानाही तिथं जाणवतोय. तेव्हा पदकासाठी गप्प बसले. आज कुणासाठी?

सई "बरं" म्हणाली. कमरेवरचा हात मात्र तिनं काढला नाही.