देविकाची प्रशासकीय बदली

९ ऑगस्ट १९९३, नांदेड
निर्णय झाला. देविकाची अकरावी लातूरला. तिथले क्लास पहाटे पाचला भरतात म्हणे. खो-खोही तिकडूनच खेळेल. जुलैत नांदेडकडून खेळून तिनं नाव काढलंय, आता लातूरकडून काढावं. तिचे खो-खोचे गुरुलिंग सर घरी आले. म्हणाले, "साहेब, हंगाम संपू द्या. मधातच जिल्हा बदलला तर पोरगी हिकडची न्हाई अन् तिकडची न्हाई." मी म्हटलं, सर, बावीस वर्षं आस्थापना शाखेत लोकांच्या बदल्याच करतोय. चहा न पिता गेले. मधुमेह असावा.

१६ ऑगस्ट
दाखला काढला, लातूरला अ‍ॅडमिशन घेतलं. सौ. म्हणते, पोरीला एकदा तरी विचारलं का? बदलीत विचारत नसतात.

१२ सप्टेंबर
लातूरच्या संघातून नाव कापलं. यंदा नांदेडकडून खेळली, म्हणून वर्षभर अपात्र. किरकोळ बाब. त्यांनी ही विनंती बदली, म्हणजे स्वतः मागून घेतलेली, धरली. तीत ज्येष्ठता जातेच. प्रशासकीय, म्हणजे नाइलाजाची, दाखवली की सगळं शाबूत. कारण शोधतोय.

३० सप्टेंबर
पहाटे पलंग हलला. लातूरला फोन लागेना. दुपारी पोचलो. देविका होस्टेलच्या मैदानात, सुखरूप. तिच्या खोलीत राहणारी, खो-खोच खेळणारी राजकन्या नावाची मुलगी किल्लारीकडची. घरचं काहीच कळत नाही. देविका तिचा हात सोडेना. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

६ ऑक्टोबर
राजकन्याचे आईवडील गेले. वाईट झालं.
कारण सापडलं. भूकंपग्रस्त खेळाडूंना जिल्हा बदलायची सूट मिळणार, असं ऐकतो. अर्ज केला : नैसर्गिक आपत्तीमुळे स्थलांतर. देविकाची सही घेतली. कशावर ते सांगितलं नाही. पोर आधीच काळजीत.

२० ऑक्टोबर, लातूर
क्रीडा कार्यालय. टेबलावर महादेवप्पा नावाचे गृहस्थ. अर्ज मोठ्यानं वाचून म्हणाले, "साहेब, बदली ऑगस्टात, भूकंप सप्टेंबरात. तुमाला आधीच तार आली होती का? अन् समदी दुनिया लातुरातून पळून राहिली, तुमी पोरगी घेऊन भूकंपाकडं आलात!" लोक हसले. रांगेत मागं राजकन्या होती, त्याच सवलतीसाठी तिचा अर्ज घेऊन. ती हसली नाही. "नमस्कार काका" म्हणाली.
कार्यालयात पंखा नाही. तक्रार करायला हवी.

८ नोव्हेंबर, नांदेड
निकाल आला. खोटी माहिती दिली म्हणून दोन वर्षं बंदी, दोन्ही जिल्ह्यांत. म्हणजे बारावीपर्यंत खेळ बंद. पत्र देविकाच्या नावानं. बरोबरच आहे, सही तिची.

१० नोव्हेंबर
देविका सुट्टीला आलीय. आल्या आल्या भिंतीकडं तोंड करून झोपली. प्रवासाचा शीण.
अपील तीस दिवसांत करता येतं. मसुदा झकास उतरलाय, तीन पानं. फक्त खेळाडूची सही हवी. या वेळी तिनं अक्षर अन् अक्षर वाचलं. मग म्हणाली, "पप्पा, ह्याच्यात मी कुठं हाय?"
पहिल्याच ओळीत नाव आहे. बोट ठेवून दाखवलं.
तरी सही केली नाही.